नाव आणि पुढे सही

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान होतं. परळमधल्या एका शाळेत मी आईला घेऊन गेले होते. पहिल्या टेबलावरच्या अधिकाऱ्याने यादीवर पट्टी सरकवत आईचं नाव मोठ्याने वाचलं. नाव, मधलं नाव, आडनाव. मागच्या बाकावर बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं म्हणून ते तसं वाचतात. आई ७८ वर्षांची आहे, गुडघे थकलेत. पण नाव कानावर पडलं तशी ती काठी टेकून ताठ झाली आणि म्हणाली, "हो, मीच." मग शाई, मग रजिस्टरात सही, मग पलीकडचा तो पुठ्ठ्याचा आडोसा.

बाहेर आल्यावर ती पायरीवर टेकली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "माझं अख्खं नाव असं चारचौघांत मोठ्याने वाचलेलं दोनच ठिकाणी ऐकलंय. इथे, आणि मंडळात."

मंडळ म्हणजे आमच्या चाळीतलं महिला मंडळ. तळमजल्यावर बालवाडी भरायची. शनिवारी दुपारी मुलं गेली की तीच खोली मंडळाची. भिंतीवर अ-अननसाचे तक्ते, खाली सतरंजी, कोपऱ्यात मंडळाचं लोखंडी कपाट. आई एकोणीस वर्षं चिटणीस होती. मी लहानपणी तिच्या मांडीला टेकून बसायचे, त्यामुळे काही वाक्यं मला पाढ्यांसारखी पाठ झाली होती. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. जमाखर्च मांडण्यात आला व एकमताने मंजूर. घरी बोलताना जिचं वाक्य कुणी पुरं होऊ देत नसे, अशी बाई तिथे उठून उभी राहायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "अध्यक्षबाई, मला एक सांगायचंय." आणि सगळ्या गप्प बसायच्या. अध्यक्षबाईंनी परवानगी दिली होती ना!

महिला मंडळ म्हटलं की आजही लोकांच्या डोळ्यांसमोर लोणची-पापड, पाककृती स्पर्धा आणि संक्रांतीचं वाण एवढंच येतं. मला याचं फार वाईट वाटतं. कारण या शहरात बायकांनी मत मागितलं, मिळवलं, नंतर बँकेच्या दारात जाऊन कर्ज मागितलं, त्या सगळ्याची तालीम अशाच सतरंज्यांवर झालेली आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि लवकरच मुंबईतही त्याचं काम सुरू झालं. रमाबाईंचे पती त्याच वर्षी वारले होते. पदरात तान्ही मुलगी होती. मार्च १८८९ मध्ये त्यांनी चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, तिथे पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या त्या गोदूबाई जोशी. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. बाया कर्वे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या रमाबाई झाल्या. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. त्यानंतर १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी मुंबईत सेवासदन सुरू केलं, तेव्हा त्याच्या अध्यक्ष झाल्या त्या रमाबाई. पुढच्याच वर्षी त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. शिवण, शिक्षिकेचं काम, परिचारिकेचं काम असं हाताला कमाई देणारं शिक्षण तिथे मिळायचं. ही मंडळी नुसती प्रबोधनावर थांबली नव्हती. बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे आल्याशिवाय बाकीच्या गोष्टी हवेतच राहतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. दोघी रमाबाई तर वैधव्याच्या आगीतून चालत आलेल्या.

माझ्या मनात मात्र राहून राहून येतं ते नावांचं. यमुनेची रमा झाली, गोदूची आनंदी. लग्नात ताम्हणात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. मग ते तांदूळ गोळा करायचे. किती बायकांची पहिली नावं अशी तांदळाखाली गेली असतील!

मताधिकाराची गोष्ट मुंबईत रंगली ती पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला. भारतमंत्री माँटेग्यू डिसेंबर १९१७ मध्ये मद्रासला असताना सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं आणि पुरुषांच्या बरोबरीने मत मागितलं. १९१८ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या खास अधिवेशनात या मागणीला पाठिंबा मिळाला. त्याच वर्षी अवंतिकाबाई गोखल्यांनी गिरगावात हिंद महिला समाज काढला. परिचारिकेचं शिक्षण घेतलेली, चंपारणमध्ये गांधीजींबरोबर खेड्यात काम करून आलेली ही बाई. त्यांच्याविषयी आपल्याकडे इतकं कमी का बोललं जातं, मला कळत नाही.

मताचा हक्क कुणाकुणाला द्यायचा ते ठरवण्यासाठी साउथबरो समिती आली. तिने सगळा हिंदुस्थान फिरून सांगितलं की बायकांच्या मताची वेळ अजून आलेली नाही. पडद्याचं कारण होतं, समाजाची तयारी नसल्याचं कारण होतं. तेव्हा मुंबईच्या स्त्रीसंस्थांनी गप्प बसायचं नाकारलं. विलायतेत ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीसमोर बाजू मांडायला १९१९ मध्ये हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन जहाजात बसल्या. हेराबाईंच्या मनात हे बीज पडलं होतं ते १९११ च्या काश्मीरच्या सहलीत. तिथे त्यांना राजकन्या सोफिया दुलीपसिंग भेटल्या. त्यांच्या पोशाखावर स्त्रियांच्या मताची मागणी करणारा बिल्ला होता. एका बाईच्या बिल्ल्याकडे दुसऱ्या बाईचं लक्ष गेलं, तिने विचारलं हे काय आहे, आणि आठ वर्षांनी ती लेकीसह लंडनला पोचली. मिठन तेव्हा पदवी घेतलेली तरुण मुलगी. ती तिथेच शिकायला राहिली, बॅरिस्टर झाली. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री बॅरिस्टर ती हीच, मिठन लाम. १९४७ मध्ये त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या.

लंडनने निर्णय टाळला आणि तो प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोपवला. बहुधा तिथे बसलेले पुरुष हे होऊ देणार नाहीत असा त्यांचा अंदाज असावा. तो चुकला. ब्रिटिश प्रांतांत १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि पाठोपाठ मुंबईने बायकांना मत दिलं. रमाबाई रानडे तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होत्या, पण इलाख्यातल्या या चळवळीच्या पुढे त्याच होत्या. १९२४ साली त्या गेल्या. अमेरिकेत बायकांना सगळीकडे मत मिळालं ते १९२०मध्ये. इंग्लंडात १९१८मध्ये मिळालं ते फक्त तिशी ओलांडलेल्या आणि काही अटींत बसणाऱ्या बायकांना, पुरुषांइतकं मिळायला १९२८ उजाडलं. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की गिरगाव-गावदेवीच्या त्या बैठकांचं मोल ध्यानात येतं.

पण त्या १९२१ च्या मताला एक दार होतं आणि ते अरुंद होतं. मालमत्ता, कर, घराचं भाडं अशा अटी होत्या. पुरुषांनाही त्याच होत्या, पण बाईच्या नावावर घर कुठे असायचं? १९३५ च्या कायद्याने दार थोडं रुंद केलं, साक्षर बायकांना आणि मालमत्तावाल्यांच्या बायकांना आत घेतलं. सुमारे ६० लाख बायका मतदार झाल्या. तरी गिरणगावातली बाई बाहेरच राहिली. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात दिवसभर उभी राहून काम करणारी, पोटुशी असली तरी खाडा परवडत नाही म्हणून येणारी. तिच्यासाठी काही झालं ते दुसऱ्या वाटेने. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली प्रसूती लाभाचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं आणि १९२९ मध्ये कायदा झाला. अशा प्रकारचा देशातला तो पहिला. संपांच्या दिवसांत पार्वतीबाई भोर आणि उषाबाई डांगे यांच्यामागे गिरणीतल्या बायका मोर्च्यात निघत. मताचा हक्क नसताना त्या रस्त्यावर होत्या. गावदेवीच्या सभागृहातली बाई आणि लालबागच्या रस्त्यावरची बाई एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत, ही माझी खंत आहे. भेटल्या असत्या तर दोघींचंही बळ वाढलं असतं.

माझी आजी, म्हणजे आईची सासू, या दुसऱ्या गटातली. ती गिरणीत नव्हती, खानावळवाली होती. देवरुखकडून लग्न होऊन लालबागला आली. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि शिवाय चौदा जण जेवायला. सगळे गावी बायकामुलं ठेवून आलेले गिरणी कामगार. पहिल्या पाळीचे निराळे, रात्रपाळीचे निराळे. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. भाकऱ्या, कालवण, रविवारी मटण, एरवी सुकट नाहीतर कडवे वाल. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, आणि वाणी थांबेनासा झाला की सावकार. आजीच्या पाटल्या मी कधी तिच्या हातात पाहिल्या नाहीत. त्या कायम "ठेवलेल्या" असत. संप झाला तर जेवणाऱ्यांकडे पैसे नसत, पण पानावरून माणसाला उठवायचं कसं? ती वाढत राहायची आणि कर्ज वाढत राहायचं.

घरातल्या कुणालाही हे काम वाटत नव्हतं. जनगणनेचा माणूस आला तेव्हा आजोबांनी सांगितलं, "ती घरीच असते." आईला हे आठवतं, कारण आजी आतून भाकरी थापत होती आणि त्या क्षणी थापण्याचा आवाज थांबला होता.

प्रेमाताई पुरव गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या. ज्यांच्या भाकरीवर अख्खं गिरणगाव उभं होतं त्या या बायका त्यांना दिसल्या. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवात १४ बायकांपासून झाली. बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकीला १५०० रुपयांचं कर्ज मिळालं. तारण काहीच नव्हतं, एकीसाठी दुसरी जामीन. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालं होतं, पण बँक गरिबाच्या दारात खऱ्या अर्थाने आली ती अशा कामामुळे. सावकाराच्या वहीतून सुटून बायका बँकेच्या वहीत आल्या. (गिरगावात १९५९ साली एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. खानावळवाल्या मात्र अजून तितक्या ठाऊक नाहीत.)

शेजारच्या बायकांनी गट केला तेव्हा आजीही त्यात गेली. फॉर्म भरायचा, सही करायची. तिला अंगठा द्यायचा नव्हता. आईने पाटी आणली आणि रात्रीची भांडी झाल्यावर शिकवायला बसली. पहिल्या रात्री आईने विचारलं, "तुमचं नाव सांगा, आधी तेच लिहू." आजीने नाव सांगितलं. आईने लिहून दिलं, आजीने दहादा गिरवलं. दुसऱ्या रात्रीही तेच गिरवलं. तिसऱ्या रात्री आजोबांनी डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाचं नाव?"

ते माहेरचं नाव होतं. रेशनकार्डावर दुसरं होतं. आईला लग्नानंतर इतकी वर्षं ते ठाऊकच नव्हतं. आजी म्हणाली, "तू माझं नाव विचारलंस, म्हणून सांगितलं." मग पाटी पुसून रेशनकार्डावरचं नाव पहिल्यापासून गिरवावं लागलं. पासबुकाच्या पहिल्या पानावर त्याच नावाची सही आहे, अक्षरं उजवीकडे चढत गेलेली. ते पहिलं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे आजीने ते मलाही सांगितलं, आणि "कुणाला सांगू नको" असं म्हणाली.

देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून गाळावी लागली. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच त्यांनी सांगितलं होतं, स्वतःचं नाव सांगायला त्या तयार झाल्या नव्हत्या. यातल्या बहुतेक उत्तरेतल्या राज्यांतल्या. ही गोष्ट बायकांचं अज्ञान म्हणून सांगतात तेव्हा माझा जीव तुटतो. ज्यांचं नाव वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही, त्यांना एका दिवशी दारात उभा राहिलेला परका पुरुष ते विचारतो. काय सांगायचं त्यांनी?

आजीच्या कर्जाचे हप्ते वेळेत फिटले. पाटल्या एकदा सुटूनही आल्या. महागाईविरोधी मोर्च्यांना ती आधीपासूनच जायची. मृणाल गोरे आणि अहिल्याबाई रांगणेकर यांच्यामागे हातात लाटणं घेऊन निघालेल्या हजारो बायकांत ती होती. घरून लाटणं घेतलेलं असायचं आणि परत आल्यावर त्याच लाटण्याने पोळ्या. मग १९८२ चा संप आला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि ते गावी गेले ते गेलेच. आजीची चौदा ताटं आधी नऊवर, मग तीनवर आली. आजोबा त्या संपातच गेले. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की भोंगा पुन्हा वाजणार.

आणि इथे मला मंडळाकडे परत यायला हवं, कारण त्याची सगळ्यात मोठी सभा या नंतरच्या संक्रांतीला झाली.

हळदीकुंकू जवळ आलं होतं. आईने चिटणीस म्हणून यादी वाचली आणि यादीत आजीचं नाव होतं. शिवाय चाळीतल्या आणखी चार विधवा बायकांची. खोलीत एकदम शांतता झाली. मी तेव्हा शाळकरी होते, मला ती शांतता अजून ऐकू येते. एक वयस्क बाई म्हणाल्या, "हे कधी झालेलं नाही." दुसरी म्हणाली, "त्यांनाच अवघडल्यासारखं होईल." कुणी वाईट हेतूने बोलत नव्हतं. त्याच बायकांनी आजोबा गेल्यावर तेरा दिवस आमच्या घरी डबे पाठवले होते.

आईने वाद घातला नाही. तिने वही उघडली आणि म्हणाली, "ठराव मांडते. अनुमोदन कोण देतं?" बराच वेळ कुणी बोलेना. मग मागून एक नवी लग्न झालेली मुलगी, जिने त्या आधी सभेत तोंड उघडलेलं नव्हतं, ती म्हणाली, "मी." हात वर करून मतं घेतली. बाजूने अकरा, विरुद्ध नऊ. अध्यक्षबाईंनी स्वतः विरुद्ध हात वर केला होता, आणि त्यांनीच ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. मला त्या बाईंचा तेव्हा राग आला होता. आज त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. आपल्याला न पटलेला निकाल आपल्याच तोंडाने, आवाज न पाडता वाचायचा, हे भल्याभल्यांना जमत नाही.

ज्या बायकांनी या शहरात ही मंडळं उभी केली त्यांत दोन रमाबाई होत्या, दोघी विधवा. आणि हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांना घराबाहेर काढता काढता आम्ही त्यांच्यासारख्यांनाच उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. त्या संक्रांतीला आजी आली. कुंकू लावू दिलं नाही, तिने हात आडवा केला. तिळगूळ घेतला, वाण म्हणून दिलेली स्टीलची वाटी घेतली आणि भिंतीला टेकून सगळ्यांत शेवटपर्यंत बसली. ती वाटी आजही आईच्या देवघरात आहे.

पुढच्या गोष्टी भराभर घडत गेल्या. १९९२ च्या महापालिका निवडणुकीत बायकांना तीस टक्के जागा राखीव झाल्या, २०१२ मध्ये निम्म्या. त्या दिवशी अनुमोदन देणारी मुलगी एका प्रचारफेरीत माईकवर बोलली, तेव्हा आई खिडकीत उभी राहून ऐकत होती. २०२४ च्या १ मेपासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलाच्या नावानंतर सरकारी कागदांवर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. भाचीच्या मुलाचा दाखला आला तेव्हा आईने तो चष्मा लावून दोनदा वाचला, आणि घडी न घालता पासबुकाच्या डब्यात वर ठेवून दिला.

चाळीचा पुनर्विकास झाला. बालवाडीची खोली गेली, आता मंडळ इमारतीच्या सोसायटी ऑफिसात भरतं. गेल्या महिन्यात आईने चिटणीसपदाच्या जुन्या वह्या नव्या चिटणीसबाईंकडे दिल्या. सहाव्या मजल्यावरची तिशीतली मुलगी, आयटीत नोकरी करणारी. ती म्हणाली, "आजी, इतिवृत्त मी फोनवर टाइप करते, ग्रुपवर सगळ्यांना लगेच जाईल."

"कर की," आई म्हणाली. "ते कर. पण हजेरी या वहीतच घे. पूर्ण नाव लिहायचं, आणि पुढे सही."

मुलीने पेन उघडलं आणि थांबली. "लग्नानंतर मी नाव बदललेलं नाहीये. इथे घरात सगळे वेगळ्याच नावाने हाक मारतात. कुठलं लिहू?"

आईने वही तिच्याकडे सरकवली.

"तुझं विचारलंय," ती म्हणाली.